दक्षिण ध्रुवावर वाट शोधावी कशी? (नवशिक्यांसाठी)

आधी दिशांबद्दल घरी शिकलेलं सगळं विसरावं. दक्षिण ध्रुवावर उभं राहिलं की जिकडे तोंड कराल तिकडे उत्तर. उत्तरेला डोकं करून झोपू नये, हा आजीचा दंडक तिथे पाळायचाच तर उभ्याने झोपावं लागेल. उत्तर ध्रुवावर प्रत्येक पाऊल दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेने पडतं. तिथली थंडी पाहता यात फारसं खोटं नाही.

आता होकायंत्र तळहातावर आडवं धरावं आणि ते जे दाखवेल त्यावर विश्वास ठेवू नये. सुईला ओढ चुंबकीय ध्रुवाची. दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव सध्या भौगोलिक ध्रुवापासून अडीच हजारांहून जास्त किलोमीटर दूर, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात आहे. 16 जानेवारी 1909 रोजी एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन आणि अ‍ॅलिस्टर मॅके स्लेज ओढत त्याच्यापाशी पोचले, तेव्हा तो जमिनीवर होता. तेव्हा नकाशा घेताना त्यावरचं सालही पाहावं. या दोन ध्रुवांच्या मधल्या रेषेवर उभे असाल, तर सुईचं दक्षिण टोक इमानेइतबारे उत्तर दाखवतं. चुंबकीय ध्रुवाजवळ गेलात की चुंबकीय बळच जवळजवळ उभं होतं. मग सुईचं एक टोक खाली झुकतं, डबीच्या तळाला घासतं आणि अडून बसतं. डबीवर टिचकी मारून पाहावी. उपयोग नाही, पण हात गरम राहतो.

होकायंत्र खिशात टाकून सूर्याकडे वळावं. तो उन्हाळ्यात मावळत नाही, त्यामुळे शोधावा लागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी तो डोक्यावर येतो आणि सावलीवरून दिशा काढणाऱ्याची फजिती करतो. ध्रुवाजवळ मात्र तो दिवसभर जवळपास एकाच उंचीवर, तासाला 15 अंश या हिशेबाने गोल फिरतो. दक्षिणेत हा फेरा उजवीकडून डावीकडे. स्थानिक वेळेने दुपारी बाराला सूर्य उत्तरेला, संध्याकाळी सहाला पश्चिमेला, मध्यरात्री दक्षिणेला, सकाळी सहाला पूर्वेला. समजा दुपारचे चार वाजलेत. सूर्याकडे तोंड करावं, हात ताणून मूठ धरावी. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. सूर्यापासून उजवीकडे सहा मुठी मोजल्या की उत्तर.

खरी मेख ‘स्थानिक वेळ’ या शब्दांत आहे. एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो, आणि 89 अंश अक्षांशावर दोन रेखांशांमधलं अंतर जेमतेम दोन किलोमीटर असतं. चहाला शेजारच्या तंबूत गेलात तरी घड्याळ लावायचं का, हा प्रश्न पडावा इतकी ही गंमत आहे. ध्रुवावरचं अमेरिकी केंद्र तर सरळ न्यूझीलंडची वेळ पाळतं, कारण सामानसुमान तिथून येतं. म्हणून ध्रुवाजवळची माणसं खऱ्या उत्तरेचा नाद सोडून ग्रीनिचच्या रेखावृत्ताची दिशा ‘उत्तर’ धरतात आणि नकाशावर चौकटी आखून चालतात.

ढग उतरले आणि बर्फ-आभाळ एक झालं, की सावलीही जाते. मग वाऱ्याने बर्फावर कोरलेल्या कड्यांशी एकच कोन धरून चालावं. अंधारात जिना चढल्यासारखं हे पायांनीच कळतं.

अमुंडसेन ध्रुवावर पोचला तो 14 डिसेंबर 1911 रोजी, आणि मग पाऱ्याच्या आरशात सूर्याची उंची तासातासाला मोजत बसला. पण मला त्याचं मोठेपण परतीच्या तयारीत दिसतं. अन्नसाठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवी, त्याने झेंड्यांची लांब रांग रोवली. काही मैल चुकलो तरी कुठला ना कुठला झेंडा लागेलच, हा हिशेब. नवशिक्याने एवढीच युक्ती उचलली तरी पुष्कळ.

जीपीएस असताना ही उठाठेव कशाला, असं म्हणाल, तर थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. एवढं वाचूनही जायचंच असेल, तर भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा गोव्यात वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र चालवतं. चौकशी तिथे करावी. वास्कोपर्यंत होकायंत्र नीट चालतं.