एवढं उरकलं की बसतोच

कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झालेला आणि त्यावर पुढे हात न फिरलेला गृहस्थ मराठी मुलुखात सर्वत्र आढळतो. बँका, महाविद्यालये, विमा, महावितरण आणि पाटबंधारे ही त्याची मुख्य वसतिस्थाने. निवृत्तीनंतर तो सकाळी टेकडीवर आणि संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात दिसू लागतो. 'एकदा कादंबरी लिहायची आहे' असे म्हणणाऱ्यांची जमात वेगळी आणि कितीतरी मोठी. तिच्याशी याची गल्लत करू नये. याने कादंबरी खरोखरच लिहिलेली असते. साडेचारशे पाने, कोपऱ्यात आकडे घातलेली, रेक्झिनच्या फोल्डरात बंद. तिच्याविषयी कोणी विचारले, तर 'झालीये तशी, फक्त एक हात फिरवायचाय' असे उत्तर मिळते. हे उत्तर तो किती वर्षे देत आला आहे, त्यावर या जमातीतली त्याची ज्येष्ठता ठरते.

खर्डा बहुधा एका झपाट्यात झालेला असतो. अलीकडची सर्वांत मोठी पैदास २०२० च्या टाळेबंदीतली. मार्चअखेर दारे बंद झाली, घरात भांडी घासण्याच्या पाळ्या लागल्या आणि उरलेल्या वेळात कोयनेच्या बुडीत क्षेत्रातल्या एका गावाची कथा गणपतीपर्यंत कागदावर उतरली. कोणी येणार नव्हते, कुठे जायचे नव्हते, लग्ने पन्नास माणसांत लागत होती. तसे दिवस पुन्हा यावेत असे उघडपणे कोणीच म्हणत नाही. हा गृहस्थ मनात म्हणतो.

पुढच्या दिरंगाईला त्याच्यापाशी साहित्यिक आधार असतो. भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' पंचविशीत, फार थोड्या दिवसांत लिहून काढली आणि ती १९६३ मध्ये आली. म्हणजे झपाट्यात लिहिलेले टिकते. त्याच नेमाड्यांच्या 'हिंदू'ची मराठी वाचकाने कित्येक वर्षे वाट पाहिली आणि ती २०१० मध्ये आली. म्हणजे थांबलेलेही टिकते. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त झाल्याने त्याला चिंता उरत नाही. मधल्या काळात 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' अशा चार कादंबऱ्या आल्या, हा तपशील मात्र त्याच्या बोलण्यात कधी येत नाही.

संस्करणाला तो 'बसणे' म्हणतो, आणि बसण्यासाठी त्याला सलग वेळ लागतो. अर्धा तास हा वेळ नव्हे. टेबल मोकळे हवे, घर शांत हवे, डोक्यात दुसरे काही नको, आणि असे निदान पंधरा दिवस मिळायला हवेत. नुसत्या पंचांगावर नजर टाकली, तरी ही अट किती अवघड आहे ते ध्यानात येते. मार्च हिशेबात जातो. एप्रिल-मेमध्ये पाहुणे, आंबे आणि दुसऱ्यांची लग्ने. जूनमध्ये मुलांचे प्रवेश आणि गच्चीची गळती. श्रावणात सण, भाद्रपदात गणपती. पितृपक्षात नवे काम सुरू करू नये. हे काम नवे की जुने याबद्दल शंका असल्यास शंकेचा फायदा तो पितरांना देतो. मग नवरात्र, मग दिवाळी. तुळशीचे लग्न लागले की माणसांची सुरू होतात. थंडीत साहित्य संमेलन असते, तिथे त्याला जाणे भागच असते, कारण 'कादंबरी कुठे चालली आहे' या विषयावर परिसंवाद असतो. त्याची स्वतःची कुठेच चाललेली नाही, हे व्यासपीठावर कोणाला माहीत नसते.

पंचांगाबाहेरचे अडथळे वेगळेच. बदली होते. मुलीची बारावी येते, मागोमाग तिचे वसतिगृह येते. सासऱ्यांचा मोतीबिंदू आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा. यांतला प्रत्येक प्रसंग खरा असतो, हे मान्य करायला हवे. तो खोटे बोलत नाही. 'एवढं उरकलं की बसतोच' हे तो मनापासून म्हणतो. अडचण एवढीच, की एक उरकेपर्यंत दुसरे दारात चपला काढत असते.

या सर्वांत सोसायटीचा पुनर्विकास हा सगळ्यांत दांडगा. दोन वर्षे सभा, त्यांत दोन गट, चार ठराव आणि एक कायमचे बोलणे बंद होणे. मग भाड्याच्या घराचा शोध आणि सामान हलवणे. खोक्यांवर जाड मार्करने नावे पडतात : 'देवघर', 'पुस्तके १', 'पुस्तके २', 'किचन वरचे'. फोल्डर कोणत्या खोक्यात घालायचे, हा पेच उभा राहतो. 'पुस्तके'मध्ये जागा नसते, आणि काटेकोर बोलायचे तर ते अजून पुस्तक नसतेही. शेवटी शिलाई मशीनचे पाय, मागच्या दिवाळीचे आकाशकंदील आणि टीव्हीचे जुने रिमोट यांच्याबरोबर ते 'किरकोळ' असे लिहिलेल्या खोक्यात जाते. भाड्याचे घर लहान असल्याने 'किरकोळ' चिंचवडच्या मेहुण्याच्या माळ्यावर चढते. नव्या घराचा ताबा तीन वर्षांत मिळेल असे बिल्डरने सांगितलेले असते. त्यामुळे संस्करणाची तारीखही आता बिल्डरच्या हातात जाते. या काळात गृहस्थाचा चेहरा विलक्षण शांत दिसतो.

फोल्डर हाताशी असते तेव्हा तो काहीच करत नाही असे मात्र नाही. पुष्कळ करतो, फक्त उलट्या क्रमाने. कादंबरीच्या संस्करणाचा रूढ क्रम मोठ्याकडून छोट्याकडे जातो : आधी सबंध खर्डा एकदा सलग वाचून काढणे, मग प्रकरणांची जुळणी आणि काटछाट, मग प्रसंग, मग वाक्ये, आणि अगदी शेवटी शुद्धलेखन. कारण उघड आहे; जे पान उद्या काढूनच टाकायचे, त्याच्या वेलांट्या आज सुधारण्यात हशील नाही. हा गृहस्थ वेलांट्यांपासून सुरू करतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून अठरा, त्याला मुखोद्गत असतात. संवादांत 'केलं' आणि निवेदनात 'केले' हा भेद पाळताना एकही अनुस्वार त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्यात मजकूर अप्पा बळवंत चौकातल्या कोण्या डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपीत टाइप करून घेतलेला असला, तर पाहायलाच नको. तो युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, पहिल्या वेलांट्या सुट्या होऊन भटकतात, 'धर्म'चा 'धमर्' होतो. हे निस्तरण्यात अख्खा पावसाळा जातो आणि दसऱ्याला भेटलेल्या स्नेह्यांना 'संस्करण जोरात चालू आहे' असे सांगता येते.

झिजते ते पहिले पान. मध्ये खंड पडल्याने दर बैठकीला तो पहिल्यापासून सुरुवात करतो. मूळ खर्ड्यात पहिले वाक्य 'पाऊस पडत होता.' असे होते. ते 'पाऊस पडतच होता.' झाले. मग तो 'च' नडू लागला, म्हणून 'पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता.' झाले. पुढे एका जाणत्या मित्राने मराठी कादंबऱ्यांत फार पाऊस पडतो असे मत दिल्यावर पाऊस काढून ऊन घातले गेले. उन्हामुळे तिसऱ्या पानावरची छत्री निरर्थक ठरली, छत्री गेल्यामुळे छत्रीखाली भेटणारी नायिका अडचणीत आली, आणि नायिकेखातर पाऊस परत बोलवावा लागला. हल्ली ते वाक्य 'पाऊस पडत होता.' असे आहे. इकडे दोनशेदहाव्या पानावर पुरात वाहून गेलेला नायकाचा थोरला भाऊ तीनशेचाळिसाव्या पानावर ओसरीवर बसून चहा पितो आहे. तिथवर पेन्सिल अजून पोचलेली नाही.

पोचत नाही याचे कारण वेळ नव्हे. पुढे मामांचे प्रकरण असते. कथेशी काडीचा संबंध नसलेले हे चाळीस पानांचे प्रकरण लेखकाच्या सख्ख्या मामांवर आहे, ते काढले पाहिजे हे त्याला लिहितानाच कळलेले होते, आणि लिहून झाल्यावर त्याने 'तुमच्यावर प्रकरण लिहिलंय' असे मामांना फोनवर सांगूनही टाकले. खर्ड्यातल्या वाड्याच्या वर्णनाचेही तसेच. सबंध खर्डा सलग वाचला, तर या गोष्टींचा निकाल लावावा लागेल. पहिल्या पानावर राहिले, तर लावावा लागत नाही. पहिल्या वाचकांचाही उपयोग होत नाही. पत्नी 'छान आहे, पण ती वन्सं म्हणजे आपल्या वन्सं का?' एवढेच विचारते. मित्र 'मधे थोडी लांबली वाटते' असे म्हणतो, आणि दोन महिने त्याच्याकडे जाणे-येणे थांबते.

प्रेरणेचा शोध तो मोठ्या निष्ठेने घेतो. नवे पेन येते, टेबललॅम्प येतो, दोन दिवसांची लेखन-कार्यशाळा होते, पहाटे पाचला उठण्याचा संकल्प चार दिवस पाळला जातो. हे सारे वाया जाते, कारण प्रेरणा आतून यायची वस्तू आहे हा त्याचा समज मराठी कादंबरीच्या इतिहासाला धरून नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही 'करमणूक' या १८९० साली निघालेल्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. अंक ठरल्या वारी निघायचा, तेव्हा हरिभाऊंना प्रेरणा आहे की नाही हा प्रश्न छापखान्याला पडत नसे. नंतरच्या पिढ्यांना संपादक होते. 'मौज' आणि 'सत्यकथा'च्या परिवारात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित बारकाईने वाचत, सूचनांसह परत पाठवत, आणि सुधारून आलेले पुन्हा वाचत. असे हस्तलिखित परत आले की लेखक रागावे, चार दिवस धुमसे आणि मग कामाला लागे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. आजच्या गृहस्थाचा खर्डा वाचून त्याला राग आणील असे माणूस बहुधा कुठे नसते. पुस्तक स्वखर्चाने काढायचे असेल, तर छापणारा प्रतींची संख्या विचारतो. मामांविषयी विचारत नाही.

प्रेरणा बाहेरून येते याचा पुरावा हवा असेल तर त्याच गृहस्थाच्या दिवाळी अंकांतल्या कथा पाहाव्यात. कथा तो वेळेवर देतो. ऑगस्टमध्ये अंकाच्या संपादकाचा फोन येतो, 'अडीच हजार शब्द, गणपतीच्या आत, एक शब्द जास्त नको'. आणि मोतीबिंदू, गळती, प्रवेश हे सर्व तसेच चालू असताना कथा लिहून, छाटून, शब्द मोजून पोहोचती होते. सलग पंधरा दिवसांची अट इथे कोणीच घालत नाही.

कादंबरीला असा फोन येत नसला, तरी कधीकधी त्याच्या जागी दुसरे काही येते. बुडीत गावावरच आणखी कोणाची तरी कादंबरी येत आहे अशी बातमी येणे हे सर्वांत गुणकारी. मत्सर ही साहित्याची फार उपेक्षित प्रेरणा आहे. त्या आठवड्यात चिंचवडच्या माळ्यावरून 'किरकोळ' उतरवले जाते आणि तीनशेचाळिसाव्या पानावरचा चहा थांबतो.

दुसरी वाट अधिक धीमी, पण खात्रीची. ती या जमातीतल्या स्त्रियांना लवकर सापडते, कारण सलग वेळ नावाची गोष्ट त्यांनी मुळात पाहिलेलीच नसते. सातारा-कराड रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिकेला एसटीत तासभर मिळतो. महामार्गाचे रुंदीकरण, वळणरस्ते आणि खड्डे यांमुळे त्या तासात बारीक अक्षरात काही लिहिणे अशक्य असते. समासात सुधारणा करायला गेले, तर पेन्सिल शेजारच्या बाईंच्या पदरावर उमटते. धक्क्यांत एकच क्रिया नीट होते, ती म्हणजे आडवी काट मारणे. त्यामुळे रोज थोडे कापले जाते आणि भर काहीच पडत नाही. विशेषणे पहिल्या महिन्यात जातात, स्वप्ने आणि पत्रे दुसऱ्या महिन्यात, वाडा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. जे धक्के खाऊनही राहते, ते बहुधा राहण्याजोगे असते. मराठी कादंबरीच्या संस्करणाला राज्य परिवहन महामंडळाने केलेली ही मदत समीक्षकांनी अद्याप नोंदवलेली नाही.

दोन्ही वाटांचा शेवट सारखाच होतो. साडेचारशे पानांची दोनशेसाठ होतात, डीटीपीवाला 'मधला गठ्ठा राहिला का?' असे विचारतो आणि कादंबरी पुस्तकरूपाने निघते. कापलेला मजकूर कोणी फेकत नाही. वाड्याचे वर्णन ललित लेख म्हणून एका दिवाळी अंकात जाते, पत्रे दुसऱ्या अंकात, आणि मामांचे प्रकरण निम्मे करून व्यक्तिचित्र म्हणून तिसऱ्यात. त्या अंकाच्या दहा प्रती मामा विकत घेऊन नातेवाइकांत वाटतात. कादंबरीची सप्रेम भेट दिलेली प्रत त्यांनी उघडलेली नाही. तिच्यात आपण नाही हे त्यांना कळले आहे.