मोठ्यांचा मेतकूट-भात

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या नातीला भूक लागते आणि तुझ्या जावयाला कल्पना सुचतात. दोन्हींचा ताप मला.

परवा यांच्या वाढदिवसाला बाहेर जेवायला गेलो. तिथे 'मोठ्यांसाठी मॅक अँड चीज' मिळत होतं. आपल्याकडे पोरांना मऊ भात, तसं इकडे मॅकरोनी आणि चीज. १९३७ साली, मंदीच्या दिवसांत, क्राफ्ट कंपनीने त्याचा खोका बाजारात आणला, तेव्हा १९ सेंटांत चौघांचं भागायचं. आम्ही एका वाटीचे २८ डॉलर मोजले. चीज फ्रान्सचं, वर शेवंडीचे चार तुकडे. नातीने ते कढीपत्त्यासारखे वेचून कडेला ठेवले आणि विचारलं, "लहानांचं नाही का मिळत?"

हे मात्र भारावून घरी आले. म्हणाले, "आपल्या मेतकूट-भाताचं असंच करू या!"

केलं. तांदूळ इटलीचा, पाण्याऐवजी भाज्यांचं सार, आणि पळीने अखंड ढवळणं. कुकरच्या चार शिट्ट्यांत होणारा गुरगुट्या भात पाऊण तासाने झाला, तीन पातेली खरकटी करून. वर मेतकुटाची रांगोळी. कडेला लिंबाच्या लोणच्याचा ठिपका, बोटाला लागला तर जिभेला उरायचा नाही एवढा.

आई, हेही सगळं मी पोटात घातलं असतं. पण तूप? तर पाव चमचा! का, तर डॉक्टरांनी यांचं कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलंय. तू भातात खड्डा करून तूप ओतायचीस आणि ते काठावरून ओघळलं की मगच हात आवरायचीस. चाळिशीनंतर या पदार्थात खरा बदल होतो तो एवढाच. बाकीची सजावट तो ध्यानात येऊ नये म्हणून. बाबाही त्या दिवशी फोनवर आवाज खाली आणून तुपाबद्दलच बोलत होते. म्हणजे तुमच्याकडेही मोठ्यांचा मेतकूट-भात सुरू झालेला दिसतो.

या प्रयोगात तू दिलेला मेतकुटाचा डबा संपला. मग मीच घाट घातला. हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, गहू, तांदूळ वेगवेगळे भाजले. मेथ्यांपर्यंत पोचले आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला. नात शाळेत शिकवल्याप्रमाणे शिस्तीत अंगणात जाऊन उभी राहिली. मेथ्या कोळसा झाल्या होत्या.

तरी कुणी इकडे येणारं असेल तर अर्धा किलो मेतकूट पाठव. कृतीही लिहून पाठव, पण 'अंदाजाने' हा शब्द न वापरता. बाबांना नमस्कार सांग, आणि एक दिवस माझ्या नावावर त्यांना खड्डाभर तूप वाढ.

तुझी,
लेक