मुस्तफाला कथा विचारू नका

मारधाडीचा कुठलाही नवा गेम आला की दोन दिवसांत यूट्यूबवर त्याची गुणपत्रिका लागते. ग्राफिक्स दहापैकी नऊ, आवाज नऊ, गेमप्ले साडेनऊ. मग समीक्षक खुर्चीत मागे रेलतो, आवाज खाली आणतो आणि सुतकी चेहऱ्याने सांगतो, "पण स्टोरी कमजोर आहे, मित्रांनो." झालं, दीड गुण कापला. चाळीस तास हा गृहस्थ आनंदाने लाथा घालत होता. त्या का घालायच्या याचं पटेल असं कारण कंपनीने दिलं नाही, अशी आता त्याची तक्रार आहे.

या खटल्यात खानदेशाची साक्ष काढायला हवी. कथा बाजूला ठेवून नुसता गेम जोखायचा प्रयोग जळगाव-धुळ्याने एक अख्खी पिढी केला आहे, तोही कुणाचं अनुदान न घेता.

प्रयोगाचं नाव मुस्तफा. नव्वदीत आणि त्यानंतरही काही वर्षं, एसटी स्टँडच्या आजूबाजूला किंवा बाजारपेठेच्या आडगल्लीत, पडदा लावलेल्या अंधाऱ्या खोलीत जी व्हिडिओ गेमची पार्लरं चालत, त्यांत हे यंत्र असायचंच. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने ते १९९३ मध्ये काढलं. पण हे नाव धुळ्यात उच्चारून बघा, कुणी ओळख दाखवणार नाही. "मुस्तफा" म्हणा, आज चाळिशी गाठलेला, पोट सुटलेला माणूससुद्धा हवेत गुडघा उचलेल. गेममध्ये खेळाडूला निवडायला चार जण होते: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. पिवळ्या टोपीचा मुस्तफा चपळ होता, त्याची धावती लाथ जबरदस्त होती आणि नाव आपल्या गल्लीतलं होतं. बाकी तिघे अमेरिकेतून आलेले पाहुणे. भारतभर त्या यंत्राला मुस्तफाचंच नाव पडलं.

आता कथा. ती आहे, आणि चांगली लांबलचक आहे. मार्क शुल्ट्झ नावाच्या चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून घेतलेली. सव्विसावं शतक आहे, माणसाने पृथ्वीची वाट लावली, शेकडो वर्षं जमिनीखाली काढली, वर येऊन पाहतो तर डायनोसॉर परत आलेले. काही टोळ्या त्यांची चोरटी शिकार करतात, आणि आपले चौघे वीर त्या मुक्या जनावरांना वाचवायला निघतात. म्हणजे गेम चक्क पर्यावरणावर होता! हे आमच्या पार्लरात कुणालाही ठाऊक नव्हतं. तिथे शिकाऱ्यांनाही मार पडायचा आणि ज्यांना वाचवायचं त्या डायनोसॉरांनाही. पडद्यावर इंग्रजी वाक्यं सरकू लागली की चार पोरं एकदम बटणावर तुटून पडायची, "पुढे घे, पुढे घे!" नाणं खिशातलं होतं, आणि ते वाचनासाठी टाकलेलं नव्हतं.

मग गेम वाया गेला का? नाही. जगभरचे जाणकार मारधाडीच्या यंत्रांच्या याद्या करतात तेव्हा त्यांत 'मुस्तफा' मानाने येतो. 'कॉन्ट्रा' येतो, 'टेकन ३' येतो. इंग्रजी धड न वाचता येणाऱ्या पोरांनी आपल्या नाण्यांनी जी क्रमवारी लावली, तीच समीक्षकांनीही शेकडो पानं खर्चून लावली. फरक एवढाच की पोरांनी गुणपत्रिकेत स्टोरीचा रकाना ठेवलाच नव्हता, आणि निकाल तरीही तोच लागला.

माझा संशय असा आहे की स्टोरीला गुण देणं ही मुळात वाचता येणाऱ्यांची चैन आहे. ज्याला पडद्यावरचं इंग्रजी कळतं, त्याला ते कळल्याचं कुठेतरी दाखवायचं असतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुना मोबाइल घेऊन त्यावर खेळणाऱ्या पोराला ही सोय नाही. मोठ्या गेममधलं संभाषण मराठीत येत नाही, अहिराणीचं तर नावच काढू नका. त्याच्या हातात उरतं ते एकच माप: बटण दाबलं आणि फटका वेळेत बसला का? हे माप कमी प्रतीचं आहे असं जे समजतात, त्यांनी ते एकदा लावून बघावं.

'कॉन्ट्रा'चंच बघा. १९८७ चा गेम. जपानी आवृत्तीत कथा घडते २६३३ साली, न्यूझीलंडजवळच्या काल्पनिक बेटांवर. तोच गेम घरगुती यंत्रासाठी अमेरिकेत गेला तेव्हा माहितीपुस्तिकेत लढाई उचलून थेट वर्तमानकाळात, ॲमेझॉनच्या जंगलात आणून ठेवली. युरोपात गेला तेव्हा तर माणसं काढून यंत्रमानव घातले आणि नावही बदलून 'प्रोबोटेक्टर' केलं. तीन खंडांत तीन कथा. उडी तीच, गोळी तीच, धबधब्याच्या टप्प्यावर मरायची जागाही तीच. आमच्याकडे तो आला स्वस्तातल्या कॅसेटमधून, जिच्या वेष्टनावर नऊच्या आकड्यांची रांग लिहून लाखो गेमचं आश्वासन असायचं आणि माहितीपुस्तिका कधीच नसायची. म्हणजे चौथी आवृत्ती, कथा शून्य. ज्या वस्तूची कथा भुशासारखी पाखडून फेकली तरी वजन कमी होत नाही, त्या वस्तूचं मोल कथेत शोधणाऱ्याला काय म्हणावं?

हे ज्यांनी गेम घडवले त्यांना कधीच कळलं होतं. १९९३ च्याच डिसेंबरात 'डूम' आला. त्याआधी तो घडवणाऱ्या कंपनीतल्या टॉम हॉलने गेमसाठी कथेचा एक जाडजूड दस्तऐवज लिहिला होता. जॉन कारमॅक या मुख्य प्रोग्रामरचं मत असं की गेममधली कथा ही प्रौढांच्या सिनेमातल्या कथेसारखी: असावी लागते, पण तिच्यासाठी कुणी आलेलं नसतं. दस्तऐवज बाजूला पडला, हॉल कंपनीतून गेला, आणि 'डूम'ने इतिहास घडवला. २०१६ च्या नव्या 'डूम'मध्ये तर नायकच सुरुवातीला समीक्षा करून टाकतो. समोरच्या पडद्यावरून कुणीतरी त्याला काही समजावू लागतं, आणि हा तो पडदाच झटक्यात दूर लोटतो. आमच्या पार्लरातली चार पोरं तिथे असती तर त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं.

उलट बाजूही आपल्या देशात घडली आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत 'फौजी'ची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ ला तो गेम आलाही. त्याला कथा होती, आणि कथा तरी कोणती? गलवान खोऱ्यातल्या चकमकीची. देशभक्ती काठोकाठ, मुहूर्त प्रजासत्ताक दिनाचा. याहून भक्कम कथा मारधाडीच्या गेमला मिळणं अवघड. लोकांनी उत्साहाने उतरवून घेतला, पहिल्या पंधरा मिनिटांत तोच तो मारामारीचा घोळ खेळला, आणि गुणांकन घसरगुंडीवर बसलं. गलवान वाईट वाटलं म्हणून नव्हे, ठोसा लागत नव्हता म्हणून. देशभक्तीलाही जे झाकता आलं नाही ते एखाद्या राजकुमारीच्या अपहरणाने झाकलं जाईल, ही आशा कुणी बाळगू नये.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा २०२० चा गेम याहून कितीतरी सरस. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, छाया-बाहुल्यांनी सांगितलेल्या पुराणकथा, राजस्थानी वाड्यांची आठवण करून देणारे महाल. चित्रं आणि वातावरण जगभर वाखाणलं गेलं, पदार्पणाच्या मोठ्या पुरस्कारासाठी नामांकनही मिळालं. नाक मुरडलं गेलं ते लढाईवर. आपल्या मातीतला गेम म्हणून मला त्याचा अभिमान आहे, पण लढाईवरचा तो शेरा खोटा नव्हता.

आता कुणी म्हणेल, मग पबजीला कुठे कथा आहे? विमानातून उडी मारायची, बंदूक शोधायची, शेवटी जो उरेल तो जिंकला. खरं सांगायचं तर या गेमला जी काही कथा आहे ती सरकारने लिहिली: बंदी, मग जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय हे नाव लावून वेषांतर, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अज्ञातवास, मे २०२३ मध्ये पुनरागमन. पांडवांनी हेवा करावा असा प्रवास. आणि तरीही पारोळ्याच्या नाही तर शिरपूरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर सकाळी कान द्या: "काय सांगू भो, पोचिंकीत उतरलो, हातात फक्त तवा, अन् जिन्यावरून दोघं आले..." पुढची दहा मिनिटं तुम्ही हलू शकत नाही. कंपनीने एक ओळ लिहिली नव्हती. पोराने रात्रीतून अख्खं आख्यान रचलं, त्यात नायक आहे, दगाबाज मित्र आहे, नेमक्या क्षणी संपलेला नेटपॅकसुद्धा आहे. मारधाडीच्या गेमची खरी कथा ही. ती खेळल्यानंतर जन्मते, आणि हात चांगला असेल तरच जन्मते. 'फौजी'बद्दल असं आख्यान लावणारा कुणी भेटला का तुम्हाला?

कथेची जागा कुठे, हे समजून घ्यायला समीक्षकांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जळगावात यावं. मेहरूण किंवा पिंप्राळ्याला बारागाड्या बघाव्यात. खंडेरावाच्या नाहीतर गावदेवीच्या नावाने बारा गाड्या एकामागे एक जोडलेल्या, वर माणसं खच्चून बसलेली, आणि पुढे एकटा भगत त्या ओढणार. देवाची कथा सगळ्यांना ठाऊक असते, तिच्याशिवाय हा खेळ उभाच राहिला नसता. पण त्या घटकेला कुणी कथा सांगत नाही. हजारोंच्या नजरा एकाच गोष्टीवर: पहिलं चाक फिरलं का? कथा गाड्यांच्या आधी आहे, गाड्यांवर चढून बसलेली नाही.

धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. तिथल्या नासिर शेखने 'मालेगाव के शोले' काढला तेव्हा कथा नवी असण्याचा प्रश्नच नव्हता. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले आणि मालेगावकर लोळून हसले. पुढचं सगळं माहीत असलेल्या प्रेक्षकाला बघायचं असतं ते फक्त कसं घडतं हे.

अर्थात काही गेम कथेच्याच जोरावर उभे असतात, 'द लास्ट ऑफ अस'सारखे. त्यांची कथा फसली तर खुशाल गुण कापा, त्यांनी तोच वायदा केलेला असतो. माझं भांडण आहे ते 'मुस्तफा'कडे 'श्यामची आई' मागणाऱ्यांशी. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत २०२३ साली सर्वोत्कृष्ट गेम कोणता ठरला? 'एल्डन रिंग' आणि नवा 'गॉड ऑफ वॉर' समोर असताना 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'. त्यात कथा जवळपास नाही आणि गाजलेली गंमत अशी की व्हॅम्पायरही नाही. लसूण मात्र आहे, शस्त्र म्हणून. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या आम्हाला यात काहीच नवल वाटलं नाही.

तेव्हा समीक्षक मंडळींनो, रकाना हवाच असेल तर ठेवा, पण त्यात गुण द्यायचे नाहीत, फक्त कापायचे. तेही एकाच गुन्ह्यासाठी: बटण दाबूनही कथा थांबत नसेल तर. आणि "स्टोरी कमजोर" म्हणण्याआधी एकदा आवाज बंद करा, पडद्यावरची अक्षरं वाचू नका, अर्धा तास नुसतं खेळा. मेल्यावर हात आपोआप पुन्हा सुरू करायच्या बटणाकडे गेला, तर कापलेला दीड गुण परत द्या.