सोलापुरी शीड : घरच्या घरी

सोलापूरला समुद्र नाही, ही अडचण आधी मनातून काढून टाका. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले आणि त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. फरक इतकाच, की ती वाफेवर चालायची. आपली वाफ वैशाखात अंगातूनच निघते, तिच्यावर काही चालत नाही. म्हणून शीड.

तराफा तुम्ही केलाच असेल : ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा, वर बांबू, नायलॉनचा दोर. आता पहिला मोह चादरीचा होईल. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर, साधारण साडेसात फूट बाय पाच. एका माणसाच्या तराफ्याला माप अगदी बरोबर. घरच्यांचा डोळा चुकवून ट्रंकेतली एक काढा. दोन गोष्टी कळतील. सुती चादर वारा अडवत नाही, गाळून देते. आणि एकदा भिजली की ती वर ओढायला दोन माणसं लागतात. म्हणजे तराफ्यावर दोन माणसं, म्हणजे चादर पुरत नाही. घडी घालून परत ठेवा. कुणाला सांगू नका.

खरं शीड चौकात लटकलेलं आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स वारा आरपार जाऊ देत नाही, पाणी पीत नाही, कडेला रिंगाही ठोकलेल्या असतात. वाढदिवस होऊन गेलेला असावा आणि मंडळाला विचारलेलं असावं, एवढंच पथ्य. साहेबांचा चेहरा आतल्या बाजूला घ्या, नाहीतर काठावरच्यांना वाटेल तळ्यातही निवडणूक लागली.

कात्री लावण्यापूर्वी पूर्व भागातल्या एखाद्या विणकर अण्णांना गाठा. ते फ्लेक्स उलटा करून आतले दोरे बघतील आणि म्हणतील, "ताणा-बाणा सरळ ठेव बे. तिरकं वढलं की कापड गेलं." शिडाचं निम्मं शास्त्र इथे संपलं. त्रिकोणी शिडाची मागची कड कुठेच बांधलेली नसते, म्हणून ती धाग्याच्या रेषेतच कापायची.

उरलेलं निम्मं लेडीज टेलरकडे. सपाट शीड म्हणजे नुसता फलक. वारा धरायला त्याला पोट हवं, आणि सपाट कापडाला गोलाई देण्याची विद्या ब्लाउज शिवणाऱ्यांइतकी कुणाकडे नाही. डोलकाठीच्या बाजूला टक्स घालून घ्या. मावशी विचारतील, "माप कुणाचं?" वाऱ्याचं, असं सांगून बघा. मग कडेने दोर शिवा आणि डोलकाठीला वेळू आणा. गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांकडे त्या नजरेने बघू नका.

सिद्धेश्वर तलावात उतरायचं नाही. तिथे देव आहे आणि बघ्यांची गर्दी आहे. उजनीची पातळी उन्हाळ्यात वजामध्ये जाते, आणि वजा पाण्यात तराफा कसा तरंगतो हे कुठल्या पुस्तकात नाही. हिप्परग्याला जा. तिथला एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. मुहूर्त आषाढाचा : पश्चिमेचा वारा तेव्हा सोलापूरवरून जातो, पाऊस बहुतेकदा न थांबता पुढे जातो, वारा तेवढा आपल्या वाट्याचा. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. जुन्या दर्यावर्दींच्या बिस्किटांइतकी ती भाकरी टिकते, दातांची परीक्षाही तितकीच घेते.

वाऱ्याच्या तोंडावर कुठलंच शीड सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं, आणि सपाट बुडाच्या तराफ्याला तेही जमत नाही. तेव्हा तुम्ही पूर्वेच्या काठाला लागणार, हे धरून चला. लाइफ जॅकेट घाला, दोन वल्ही घ्या आणि पलीकडे कुणालातरी टॉवेल घेऊन उभं करा. टॉवेल मात्र सोलापुरीच हवा.