‘अखंड हिरवे दृश्य’ : माहितीपत्रकास जोडायची पुरवणी

प्रति,
बोरिवली, भांडुप, मुलुंड, ठाणे आणि घोडबंदर रस्ता येथील गृहसंकुलांच्या माहितीपत्रकांचे लेखक महोदय

विषय : सुविधांच्या यादीतील शेवटच्या ओळीचा तपशील

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आहे. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली आणि मालाड, दक्षिणेला आरे आणि पवई, पूर्वेला भांडुप, मुलुंड आणि ठाणे, उत्तरेला घोडबंदर आणि वसईची खाडी. या परिघावर जिथे बांधकामाला परवानगी मिळाली, तिथे गॅलरीचे तोंड जंगलाकडे वळलेले आढळते. माहितीपत्रकांत मात्र त्याला एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही. पोडियमवरची बाग, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आणि मग ‘अखंड हिरवे दृश्य’, असा साधारण क्रम असतो. क्लब हाऊसचा फोटो असतो, तलावाची लांबी-रुंदी असते. जंगलाबाबत आकडा एकच, तो म्हणजे फ्लोअर राइजचा: मजला जितका वरचा, तितका चौरस फुटाचा भाव चढा. ज्या वस्तूचे पैसे घेतले तिचा तपशील देण्याचा रिवाज असल्याने तो पुढे क्रमाने दिला आहे. महोदयांनी पुढच्या आवृत्तीत त्याचा समावेश करण्यास हरकत नसावी.

या जंगलाचे पहिले काम पाण्याचे. बेटावरच्या विहिरी आणि तळी मुंबईला पुरेनाशी झाली तेव्हा १८५६ ते १८६० या काळात विहार तलाव बांधण्यात आला आणि शहरात प्रथमच बाहेरून नळाने पाणी आले. तुळशी तलाव १८७९ साली पूर्ण झाला. तलावांचे पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावे म्हणून भोवतालचे डोंगर राखले गेले, आणि पुढे राष्ट्रीय उद्यान म्हणून जे उभे राहिले त्याचा गाभा हाच. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यात या दोघांचा वाटा जेमतेम अडीच टक्के आहे. तरी जुलैत ‘तुळशी भरून वाहू लागला’ ही बातमी छापून आल्याशिवाय उपनगराला पाऊस लागल्याची खात्री पटत नाही.

याच डोंगरांतून दहिसर, पोईसर आणि ओशिवरा पश्चिमेकडे उतरतात. विहार आणि पवईच्या सांडव्याचे पाणी मिठीला मिळते. जंगलात या चारहींना नदी म्हणतात. वस्तीत शिरल्यावर दोन्ही काठांना भिंती चढतात, पाण्याचा रंग पालटतो आणि नदीचा नाला होतो. नाल्याचा उल्लेख माहितीपत्रकात करण्याची पद्धत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने आपण नदी असल्याचे घरोघरी जाऊन कळवले होते.

बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या बेसाल्टात कोरलेल्या लेण्यांची संख्या शंभराहून अधिक भरते. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर, त्यावरून कान्हेरी. उद्यानाचे एक जुने नावही कृष्णगिरीच होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि पुढे हजारेक वर्षे इथे बौद्ध भिक्षूंचा वावर राहिला. तिसऱ्या लेण्यातला चैत्य, त्याच्या ओसरीच्या दोन टोकांना उभे असलेले सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध, एकेचाळिसाव्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, हे सहलीला आलेले लोक पाहतात. माहितीपत्रककाराने पाहावे असे जे आहे ते पायाशी. बहुतेक विहारांपाशी पाण्याचे टाके आहे, आणि डोंगरउतारावरचे पाणी वाया जाऊ नये म्हणून खडकातच पन्हळी कोरून ते टाक्यात वळवले आहे. ब्राह्मी लेखांत या टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो. लेखांचा मजकूर मोजका असतो: कल्याणच्या, सोपाऱ्याच्या किंवा चौलच्या अमक्याने लेणे दिले, पोढी दिली, भिक्षूंच्या निर्वाहासाठी तरतूद केली. देणाऱ्याचे नाव, गाव, बांधकाम आणि पाण्याची सोय. दृश्याबद्दल दाते काही बोलत नाहीत, आणि खोली मात्र अशी कोरतात की पावसाळ्यात ओट्यावर बसले असता समोरून ओढा वाहताना दिसावा.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले काही लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि भेटीची तारीख त्यात नोंदवली आहे. उपनगरातल्या सहलीची इतकी जुनी हजेरी दुसरीकडे सापडणे कठीण. हजार वर्षे उलटल्यामुळे ती संरक्षित झाली आहे. बदामात बाण खुपसून केलेल्या अलीकडच्या नोंदी मात्र गुन्ह्यात मोडतात.

या जंगलात माणसेही राहतात, आणि ती दृश्यात दिसत नाहीत. नवापाडा, तुमणीपाडा, येऊरच्या अंगाला पाटोणापाडा आणि जांभूळपाडा अशा पाड्यांवर मुख्यतः वारली, शिवाय कोकणा, कोळी आणि काटकरी कुटुंबे आहेत. जुन्या घरांची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप. उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर हजारो झोपड्या उठल्या, आणि पिढ्यान् पिढ्या इथेच असलेल्या पाड्यांनाही आपण अतिक्रमण नसल्याचे कागद शोधत फिरावे लागले. जंगलाच्या भिंतीला भिंत लावून उभ्या राहिलेल्या चाळीस मजल्यांना असा त्रास झाला नाही. त्यांचे कागद आधीच तयार होते.

वारल्यांचा देव वाघोबा. वाटेच्या कडेला शेंदूर फासलेल्या रूपात तो भेटतो आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. वाघ इथे आता सफारीच्या कुंपणात आहेत. मोकळा फिरतो तो बिबट्या. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागांत २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे मोजले गेले. शहराच्या कुशीत इतके बिबटे जगतात याचे कारण त्यांच्या ताटात सापडते. सांबर, चितळ आणि रानडुकरांबरोबर कडेच्या वस्त्यांतली भटकी कुत्री हे त्यांचे ठरलेले अन्न आहे. कुत्री कचऱ्यावर पोसली जातात आणि कचरा गृहसंकुलांतून येतो. म्हणजे बिबट्याच्या जेवणाची सोय संकुलाच्या मेंटेनन्समधून आधीच होत आहे, फक्त सुविधांच्या यादीत तिची नोंद राहून गेली आहे.

ही थट्टा एका मर्यादेपर्यंतच चालते. २००४ साली उद्यानाच्या कडेने बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली, आणि त्यांत गॅलरीतून पाहणारे कोणी नव्हते. पकडलेले बिबटे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी सोडण्याच्या पद्धतीने तेव्हा प्रश्न चिघळला, असे अभ्यासक सांगतात, कारण अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते. पिंजऱ्यांवरची भिस्त कमी झाली. २०११ पासून वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून पाड्यांत आणि सोसायट्यांत माहिती देण्याचे काम हाती घेतले: कचरा उचला, अंधारात मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून घोळका करू नका. हल्ले पुष्कळ कमी झाले, संपले नाहीत. ‘बिबट्या दिसला, पिंजरा लावा’ असा अर्ज आजही मुख्यतः त्याच संकुलांतून येतो जिथे जंगल दिसते म्हणून जादा पैसे मोजलेले असतात.

ठाण्याच्या बाजूचे येऊर उद्यानाचाच भाग आहे. पहाटे पक्षी पाहायला जाणारे आणि रात्री जेवायला जाणारे असे दोन प्रकारचे ठाणेकर एकाच घाटरस्त्याने वर चढतात. दुसऱ्यांच्या ध्वनिक्षेपकामुळे पहिल्यांना पक्ष्यांऐवजी नवरदेवाचे नाव ऐकू येते, अशी येऊरची जुनी तक्रार आहे.

दळणवळणाच्या बाबतीत माहितीपत्रके काटेकोर असतात. बोरिवली आणि ठाणे यांना उद्यानाखालून जोडणारा सुमारे ११.८ किलोमीटरचा जुळा बोगदा मार्ग होऊ घातला असून दुसरा मार्ग गोरेगाव आणि मुलुंड यांच्यामध्ये आहे. हे बोगदे यादीत जंगलाच्या बरेच वर, मिनिटांच्या हिशेबासह येतात. आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन रात्रींत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. तिथे मेट्रो स्थानकाचे अंतर देणे पुरेसे मानले जाते.

खुद्द जंगलात जायचे तर सोमवारी उद्यान बंद असते. इतर दिवशी तिकीट काढून कान्हेरीपर्यंत बसने किंवा सायकलने जाता येते. दहिसर नदीच्या काठाने जाणारी शिलोंड्याची वाट परवानगी काढून आणि वाटाड्या घेऊनच चालायची असते. पावसाळ्यात धबधब्यांत उतरायला मनाई असते आणि दरवर्षी कोणीतरी उतरतेच. उद्यानातले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे जांभूळमाळ, ४६८ मीटर. मुंबईचा हा कळस कोणत्याही गॅलरीपेक्षा उंच आहे.

राहता राहिली कारवी. पाड्यावरच्या घराची भिंत होणारे हे झुडूप सात वर्षे नुसते हिरवे उभे राहते, आठव्या वर्षी सगळा उतार एकदम जांभळा करते, बी धरते आणि मरते. या उद्यानात ते २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलले. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ताब्याची तारीख असते आणि ती बदलू शकते असेही तिथेच लिहिलेले असते. कारवीचा पुढचा फुलोरा २०३२ सालच्या सप्टेंबरच्या सुमारास आहे.