मूळ प्रतीचा माणूस

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात संगीताचे जे नाना प्रकारचे जाणकार आढळतात, त्यांत जॅझचा जाणकार ही जात संख्येने अत्यल्प असली तरी मतांच्या बाबतीत बहुप्रसव म्हणावी लागेल. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत पुढच्या रांगेत बसून माना डोलावणाऱ्या रसिकाशी त्याचे दूरचे नाते आहे. मात्र तो रसिक निदान गायक समोर असताना दाद देतो, तर जॅझचा जाणकार ज्यांच्याविषयी बोलतो ते कलावंत बव्हंशी त्याच्या मुंजीपूर्वीच निवर्तलेले असल्यामुळे त्यांच्याकडून प्रतिवाद होण्याचा संभव उरत नाही. वयाने तो साठीच्या पुढेमागे असतो, बँक, विमा कंपनी किंवा महाविद्यालय यांपैकी कोठून तरी निवृत्त झालेला असतो, आणि त्याच्या बैठकीच्या खोलीत तबकड्यांचे एक कपाट असते, ज्याची किल्ली घरातल्या दागिन्यांच्या किल्लीपेक्षा अधिक जपली जाते.

या संगीताशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांच्या हाती आकाराला आलेल्या जॅझमध्ये बहुधा एखादी ओळखीची धून आधी सरळ वाजवली जाते, मग त्या धुनेखालचा स्वरसंघांचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांचा, क्रम कायम ठेवून एकेक वादक आपली उपज मांडतो, आणि शेवटी सगळे मिळून धुनेकडे परततात. ख्यालातल्या बंदिशीप्रमाणे येथेही धून हे बरेचसे निमित्त असते, आणि तीच रचना तोच वादक मंगळवारी एक तऱ्हेने व गुरुवारी दुसऱ्या तऱ्हेने वाजवतो. सर्वसामान्य श्रोत्याला ही गोष्ट आनंदाची वाटते, जाणकाराला ती उपजीविकेची वाटते. कारण कोणत्या दिवशीचे ध्वनिमुद्रण, कितव्या प्रयत्नातले, ड्रमवर कोण होता आणि तो का होता, या प्रश्नांना एकदा तोंड फुटले की मूळ रचना ऐकण्याची निकड आपोआप मागे पडते. दहा इंची जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावत असे; १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहेतीसच्या आसपास फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी बाजारात आणली, वेष्टण मोठे झाले, त्याच्या पाठीवर वादकांची नावे, तारखा आणि समीक्षकाचे निबंधवजा टिपण छापले जाऊ लागले. जाणकाराचे निम्मे शिक्षण या वेष्टणांच्या पाठीवर झालेले असते. तबकडीच्या पोटात काय आहे हा त्याच्या दृष्टीने पुढचा, आणि काहीसा ऐच्छिक, अभ्यासक्रम होय.

उरलेले निम्मे शिक्षण ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणी केंद्राने दिले. तेथे १९५५ पासून विलिस कॉनोव्हर हे निवेदक लघुलहरींवर रोज जॅझ ऐकवत असत, आणि इंग्रजी बेताचे असणाऱ्या परदेशी श्रोत्यांना समजावे म्हणून ते खर्जातल्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून, अतिशय सावकाश बोलत. त्यांचा ठसा जाणकारावर कायमचा राहिला. एरवी घरात तुटक आणि भराभर मराठी बोलणारा हा गृहस्थ ‘टेनर सॅक्सोफोन’ हे दोन शब्द उच्चारताना अचानक मंदावतो, आवाज दोन पट्ट्या खाली आणतो आणि मध्ये इतकी विश्रांती घेतो की पाहुण्याला त्याच्या प्रकृतीची काळजी वाटावी.

जाणकाराच्या मतप्रदर्शनाची रीत अशीच आयात झालेली आहे. समीक्षक लिओनार्ड फेदर यांनी अमेरिकी नियतकालिकांत ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ नावाचे सदर चालवले, ज्यात नामवंत वादकाला नाव न सांगता तबकड्या ऐकवल्या जात आणि त्याने वादक ओळखून तिथल्या तिथे मत द्यावे, अशी अपेक्षा असे. १९६४ सालच्या अशाच एका चाचणीत मायल्स डेव्हिस यांनी आपल्या समकालीनांची जी सालटी काढली, तिचा दाखला जाणकार आजही देतो, आणि आपल्या स्वभावातील तुसडेपणाला परंपरेचे अधिष्ठान मिळवून देतो. फरक इतकाच की डेव्हिस यांना ट्रंपेट वाजवता येत होते.

घरी ही चाचणी तबकड्यांपुरती राहत नाही. चहाचा पहिला घोट घेताच हा गृहस्थ डोळे मिटतो आणि पूड बदलली असल्याचे, किंवा पूड तीच असून दूध बदलले असल्याचे, किंवा दोन्ही तेच असून करणारा हात बदलला असल्याचे घोषित करतो. तिन्ही शक्यता क्रमाक्रमाने मांडण्याची सवय असल्यामुळे त्याचे निदान सहसा चुकत नाही. कांदेपोह्यांबद्दल त्याचे म्हणणे असे पडते की मुख्य कलाकार ठीक आहे, परंतु ‘ऱ्हिदम सेक्शन’ कमजोर आहे. जॅझमध्ये पियानो, डबल बेस आणि ड्रम या पाठीशी राहून लय सांभाळणाऱ्या वाद्यांना मिळून हे नाव आहे, आणि पोह्यांत ती जबाबदारी मोहरी, कढीलिंब व हिरवी मिरची यांच्यावर येते हे एकदा ध्यानात आले की त्या अभिप्रायात काही तथ्य असल्याचे मान्य करावे लागते. त्याच्या शब्दकोशात सर्वोच्च स्तुती ‘बरं आहे’ या दोन शब्दांत संपते. ‘लोकांना आवडतं’ हा त्याचा सर्वांत कठोर शेरा असून तो त्याने आजवर एका मोबाइल कंपनीवर, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आणि स्वतःच्या जावयावर मारलेला आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेविषयीचे त्याचे मत मात्र तपशिलाने नोंदवण्याजोगे आहे. ऑर्नेट कोलमन यांनी २१ डिसेंबर १९६० रोजी ‘फ्री जॅझ’ नावाची जी तबकडी ध्वनिमुद्रित केली, तिच्यात दोन स्वतंत्र चौकड्या एकाच वेळी वाजतात, त्यांपैकी एक डाव्या ध्वनिक्षेपकातून व दुसरी उजव्यातून ऐकू येते, आणि ठरलेल्या धुनेचा जाच बराचसा दूर केलेला असल्याने प्रत्येकाने दुसऱ्याचे ऐकत, अथवा न ऐकत, आपले म्हणणे पुढे न्यायचे असते. सभेत डावीकडे चिटणिसांची मंडळी आणि उजवीकडे खजिनदारांची मंडळी बसलेली पाहून जाणकाराच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, त्याचा उगम येथे आहे. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर दोन्ही पक्ष एकाच वेळी बोलू लागले की तो मान हलवून दाद देतो, आणि दोन्ही पक्षांना तो आपल्याच बाजूचा वाटतो, म्हणून सलग अनेक वर्षे तो कार्यकारिणीवर बिनविरोध निवडून येत आहे. कोलमन यांनी आपला प्रयोग सदतीस मिनिटांत आटोपला होता, एवढीच काय ती त्याची सभेविरुद्ध तक्रार असते.

जाणकाराच्या विचारविश्वाचा कणा म्हणजे मूळ प्रत. कोणतीही तबकडी प्रथम ज्या साच्यातून, ज्या कारखान्यात, ज्या पत्त्याच्या लेबलासह निघाली ती प्रत खरी, आणि नंतर निघालेल्या सर्व प्रती म्हणजे अफवा, असा हा सिद्धांत आहे. १९३९ साली स्थापन झालेल्या ‘ब्लू नोट’ कंपनीच्या तबकड्यांच्या बाबतीत तो विशेष कडकपणे पाळला जातो. त्या कंपनीचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर हे दिवसा चष्म्यासाठी डोळे तपासत आणि १९५९ पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात जगातले उत्तमोत्तम वादक बोलावून ध्वनिमुद्रण करीत. त्यांच्या नावाची आद्याक्षरे तबकडीच्या आतल्या कोऱ्या कड्यावर, म्हणजे सुई शेवटी जेथे घोटाळत राहते त्या भागावर, कोरलेली किंवा उमटवलेली सापडतात. त्यांच्या शेजारी १९६६ पर्यंतच्या प्रतींवर तबकड्या दाबून काढणाऱ्या कारखान्याची कानाच्या आकाराची एक बारीक खूण असते. हा ‘कान’ शोधण्यासाठी जाणकार तबकडी खिडकीशी नेतो, तिरकी धरतो, भिंग लावतो, आणि कान सापडला की इतका तृप्त होतो की पुष्कळदा स्वतःच्या कानांना तसदी न देता तबकडी पुन्हा वेष्टणात घालतो.

हीच दृष्टी भांड्यांवर पडली तर नवल नाही. महाराष्ट्रात स्टीलच्या वाटीवर, तांब्यावर किंवा पातेल्यावर देणाऱ्याचे नाव आणि लग्नाची अथवा मुंजीची तारीख कोरून घेण्याची जी चाल आहे, तिच्यामुळे जाणकाराला कोणाच्याही घरचे जेवण हा संशोधनाचा विषय होतो. आमटी संपताच तो वाटी उलटी करतो, आणि ही वाटी मूळ संचातली नसून धाकट्या मावशीच्या लग्नातल्या दुसऱ्या संचातली असल्याचे यजमानीणबाईंच्या सासूसमक्ष सांगतो. अशा घरांतून त्याला पुन्हा बोलावणे येण्यास वेळ लागतो.

मूळ प्रतीच्या शोधात त्याने चोर बाजार पालथा घातला, काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ साली बंद झाले तेव्हा सुतक पाळल्यासारखा तो वावरला, आणि मुंबईचा दमटपणा जो वेष्टणांवर दर पावसाळ्यात बुरशी चढवतो त्याच्याशी तो एकाकी लढा देत आला. या शहराचा जॅझशी असलेला संबंध त्याला तोंडपाठ असतो, आणि या विषयावर, हे नमूद करणे न्याय्य ठरेल, त्याचे ऐकावे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांनी ते संगीत आत्मसात केले, आणि हॉटेलांतल्या रात्री आटोपून हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, साहाय्यक होते, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातल्या गाण्यांना जो झोक आहे त्यात या सहवासाचा वाटा मोठा आहे. जाणकार ‘फिल्मी’ हा शब्द शिवीसारखा वापरत असला तरी न्हाणीघरातून त्याचा जो आवाज येतो तो निःसंशय ‘अलबेला’चा असतो; त्याबद्दल विचारले असता तो टॉवेल गुंडाळलेल्या स्थितीत दाराशी उभा राहून चिक चॉकलेट यांच्यावर व्याख्यान देतो.

१९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, तिच्यात सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेले, आणि नेमक्या त्या दिवसांत जाणकाराला परीक्षा होती किंवा कांजिण्या आल्या होत्या. त्यामुळे त्या कार्यक्रमाविषयीची त्याची मते, हजर राहिलेल्यांच्या मतांपेक्षा, अधिक ठाम आहेत.

त्याच्या कीर्तीला थोडा धक्का पोहोचवणारी घटना घडली ती अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या तबकडीयंत्रामुळे. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते हे जाणून त्याने व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला होता. परंतु तेथली वीज सेकंदाला साठ आवर्तने घेते आणि भारतातली पन्नास, हा आकडा ट्रान्सफॉर्मरला बदलता येत नाही, आणि ज्या यंत्राची मोटर या आवर्तनांशी बांधलेली असते ते येथे सहा फेऱ्यांऐवजी पाचच घेते. परिणामी षड्ज खालच्या धैवताच्याही किंचित खाली उतरतो. या यंत्रावर त्याने प्रथम मायल्स डेव्हिस यांची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ लावली, जिची पहिली बाजू मुळातच वादग्रस्त आहे, कारण २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी फितीचे यंत्र किंचित संथ चालले, त्यामुळे तबकडीवर ते वादन मूळ पट्टीहून थोडे चढे उमटले आणि ही चूक १९९२ साली दुरुस्त झाली. चढी प्रत हीच मूळ प्रत असल्याने तीच खरी, हे जाणकाराचे जुने मत होते. नव्या यंत्रावर नऊ मिनिटांची रचना अकरा मिनिटांवर गेलेली ऐकून त्याने मित्रमंडळींना निमंत्रणे धाडली, आणि आजवर कोणत्याही प्रतीत न आढळलेले गांभीर्य, खोली व उच्छ्वासातले दुःख त्यांना एकेक करून दाखवले. मित्रांपैकी एकाचे डोळे पाणावले.

जाणकाराची पत्नी या शास्त्रात अदीक्षित समजली जाते, कारण तिला वादकांची नावे सांगता येत नाहीत. कणीक मळता मळता पहिल्या दोन सुरांवरून कपाटातली कोणती तबकडी लागली आहे हे ती ओळखते, पण तारीख ठाऊक नसल्याने ते ज्ञान धरले जात नाही. मंडळी निघून गेल्यावर तिने एवढेच विचारले की आज हे सगळे आजारी असल्यासारखे का वाजवत होते. दोन दिवसांनी शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने यंत्राखालची पट्टी वाचून आवर्तनांचा हिशेब समजावून दिला. जाणकाराने तो शांतपणे ऐकून घेतला, आणि त्या तबकडीवरच्या सॅक्सोफोनवादक कॉल्ट्रेनच्या वादनाला पन्नास आवर्तनांची वीजच मानवते असे मत दिले, जे त्याने अद्याप बदललेले नाही. अमेरिकी यंत्र अजून वापरात आहे. सी. रामचंद्रांच्या तबकड्या तेवढ्या जुन्या गॅरार्ड तबकडीयंत्रावर लावल्या जातात, कारण त्या एकदा नव्या यंत्रावर चढवून पाहिल्या तेव्हा दुसरी ओळ सुरू होण्याच्या आत स्वयंपाकघरातून लाटण्यासकट विचारणा झाली होती.