‘लाइन’ कुठली? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

‘लाइन’ हा शब्द कानावर पडला की उत्तर द्यायची घाई करू नये. आधी बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहावे. हातात पट्टी आहे, सुई आहे, पक्कड आहे की मुलीची पत्रिका, यावर पुढचे सगळे ठरते. शब्दकोश उघडून फायदा नाही. त्यात हात दिसत नाहीत.

सरावाला खेडे उत्तम. तिथे लाइन म्हणजे वीज. ती येते, जाते आणि ‘या आठवड्यात रात्रीची आहे’ असे कुणी म्हणाले, तर ती शेतपंपाची पाळी समजावी. घरात दिवे बघून ‘लाइन आहे की!’ असे शहाणपण पाहुण्याने करू नये. दिवे सिंगल फेजवर लागतात, विहिरीवरच्या मोटारीला बहुधा थ्री फेज लागते. त्यामुळे आत सासूबाईंची मालिका रंगात आलेली आणि ओट्यावर सासरे ‘लाइन नाही’ म्हणून कपाळाला हात लावून बसलेले, असे एकाच घरात दिसते आणि दोघांचेही बरोबर असते. रात्री दोन वाजता यजमान बॅटरी घेऊन शिवाराकडे पळाले तर चोर आले असे समजून ओरडू नये. लाइन आली आहे.

मुंबईत हाच शब्द रुळांवर असतो. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा ‘कुठल्या लाइनला राहता?’ हे विचारायची सोय नव्हती. आता वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर अशी जातवारी झाल्यापासून नावाआधी तेच विचारतात. सापळा आहे तो मरीन लाइन्सचा. स्टेशन वेस्टर्न लाइनवरच, पण नावातल्या लाइन्स मरीन बटालियनच्या बराकींच्या. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स आणि गावोगावची पोलीस लाइन याच कुळातली. तिथे रूळ शोधत फिरू नये.

खरी परीक्षा अतिदक्षता विभागाबाहेर. दरवाजा अर्धवट उघडून तरुण डॉक्टर म्हणतात, ‘आजोबांना सेंट्रल लाइन टाकावी लागेल, इथे सही करा.’ अशा वेळी ‘अहो, ते जन्मभर डोंबिवलीतच राहिले, सेंट्रल लाइन त्यांना नवी नाही’ असे बोलू नये. मानेतल्या किंवा तशाच एखाद्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली ती बारीक नळी असते. जोरकस औषधे हाताच्या लहान शिरेला सोसत नाहीत म्हणून ती टाकतात. कागद वाचावा, शंका विचारावी, सही करावी. कर्करोगाचे डॉक्टर ‘फर्स्ट लाइन’ म्हणाले तर तो उपचाराचा पहिला पर्याय. नंबर लावायला धावू नये.

क्रिकेटवाल्यांची लाइन म्हणजे चेंडूची डावी-उजवी दिशा; टप्पा कुठे पडला ते लेंग्थमध्ये जमा होते. 1932-33 च्या दौऱ्यात इंग्लंडच्या कर्णधाराने गोलंदाजांना थेट फलंदाजाच्या अंगावर सोडले. ती बॉडीलाइन. हा कर्णधार, डग्लस जार्डिन, जन्माने मुंबईचा. लाइनवरून भांडण पेटवणे मुंबईकराला जड गेले नसावे.

लग्न जुळवणाऱ्या मावशींनी ‘मुलगा कुठल्या लाइनला आहे?’ असे विचारले, तर अपेक्षित उत्तर कॉम्प्युटर, मेडिकल, फार तर बँकिंग. ‘हार्बर’ म्हणालात तरी बिघडत नाही, मावशी तेही टिपून ठेवतात. विरारच्या मुलाला कर्जतची मुलगी सांगून आली, तर दादरला गाडी बदलणे आले आणि त्यावर स्थळे अडल्याचे ऐकिवात आहे. ‘फिल्म लाइन’ म्हणाल्यास मात्र चहा निवण्याआधी निघावे.

लाइन मारणे आणि लाइन देणे यांविषयी येथे मार्गदर्शन मिळणार नाही; तरुणांना त्याची गरज नाही आणि इतरांना उपयोग नाही. फक्त सातवीच्या वर्गावरच्या नव्या शिक्षकांनी ‘सगळ्यांनी पट्टीने लाइन मारा’ असे म्हणू नये. ‘समास आखा’ म्हणावे. तास वाचतो.

भूमितीवाले सांगतात, लाइनला जाडी नसते. त्यांना एकदा तिकीट खिडकीपुढे उभे करावे. तिथल्या लाइनला लांबीपेक्षा जाडीच जास्त असते आणि ‘लाइन कुठून सुरू होते?’ या प्रश्नाला प्रत्येक जण स्वतःच्या मागे बोट दाखवतो.

खांबावर चढलेल्या लाइनमनने वरून ‘लाइन बंद आहे ना?’ असे विचारले, तर वर शिकलेले एकही उत्तर वापरू नये. गप्प उभे राहावे आणि सबस्टेशनशी बोलणाऱ्या माणसालाच उत्तर देऊ द्यावे.